खुडूक कोंबडीचा इतिहास: पहिल्या दहा कोंबड्या कशा निवडाल?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच मेसेज येतोय: "गावाकडे घरामागे जागा आहे, दहाएक कोंबड्या पाळायच्यात. कुठली जात घेऊ?" आता म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर कोंबड्या कशाला? पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे. आणि ते मला उशिरा कळलं, म्हणून आजचा एपिसोड.

मी पहिल्यांदा घेतल्या त्या सगळ्या एकाच सुधारित जातीच्या. अंडी भरपूर मिळाली. दीड-दोन वर्षांनी अंडी कमी झाली आणि खुराड्यात पुढची पिढीच नव्हती. एकही कोंबडी खुडूक झाली नाही. आजी म्हणाली, "अरे, यांना बसायचं ठाऊकच नाही!" ते ठाऊक का नाही, तीच आजची गोष्ट.

सुरुवातीपासून सांगतो. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं, की अनेक जातींमध्ये दिसणारे पिवळे पाय, पिवळी कातडी हे लाल रानकोंबड्याकडून आलेलंच नाही. ते आलंय करड्या रानकोंबड्याकडून. हा कोण? आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो ना, तोच! म्हणजे कोंबडी ही फार जुनी मिसळ आहे. 'एकदम शुद्ध जात' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर हे आठवा.

आता अमेरिकेत जाऊ. एकोणिसाव्या शतकात आशियातून येणाऱ्या जहाजांवरून मलाय आणि शांघायकडचे कोंबडे तिथे पोचले. ऱ्होड आयलंड नावाच्या छोट्या राज्यातल्या शेतकऱ्यांनी ते आपल्या कोंबड्यांशी जोडले. त्यातून तयार झाली ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला 'आरआयआर' म्हणतात ती. 1904 साली तिला जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. अ‍ॅडम्सव्हिल नावाच्या गावात या कोंबडीचं चक्क स्मारक आहे!

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात, 1879 मध्ये लायमन बाइस याने अंडी उबवायचं यंत्र बनवलं. आणि इथे खरी कलाटणी आहे. कोंबडी खुडूक झाली, की अंडी देणं थांबवते. 21 दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं घेऊन फिरते. हिशेब बघितला तर हा सगळा काळ 'तोट्याचा'. आता उबवायचं काम यंत्र करतंय म्हटल्यावर खुडूक होणारी कोंबडी हवी कशाला? मग न बसणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांचीच पैदास केली. मूळची इटलीची पांढरी लेगहॉर्न या कामात अव्वल ठरली. आज तिच्यापासून काढलेल्या व्यावसायिक कोंबड्या वर्षाला 300च्या आसपास अंडी देतात. आपली गावरान देते 60 ते 80. पण गावरान आळशी नाही हो! उरलेल्या वेळात ती पुढची पिढी वाढवत असते.

मग आपल्याकडे दोन्ही टोकं जोडायचा प्रयत्न झाला. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज. परसात फिरणाऱ्या, रंगीत, गावरानपेक्षा जास्त अंडी देणाऱ्या. चांगल्याच आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: या संकरित आहेत. त्यांची पिल्लं आईबापांसारखीच निघतील असं नाही. कडकनाथचं म्हणाल, तर 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय मिळाला, मागणीही आहे. पण उबवण्याच्या बाबतीत तीही कच्चीच.

तर मंडळी, पहिल्या दहासाठी माझा हिशेब असा. सहा आरआयआर किंवा वनराज तलंगा, रोजच्या अंड्यांसाठी. तीन गावरान कोंबड्या, उबवायला. त्यांच्याखाली दुसऱ्यांची अंडी ठेवली तरी त्या बिनतक्रार बसतात. आणि एक नर, शक्यतो गावरान. कारण अंडी वाढवायची म्हणून गावोगावी सुधारित नर सोडले गेले, तिथे गावरानचं रक्त पिढीगणिक पातळ होत गेलं. खुडूक होण्याचा गुण त्यातच निसटतो. आज अंडी थोडी कमी मिळतील, पण दर दोन वर्षांनी पिल्लांसाठी खिशात हात घालावा लागणार नाही.

मिसळताना घाई नको. चार आठवडी बाजारांतून चार कोंबड्या आणून एका खुराड्यात कोंडल्या, तर मानमोडी आलीच म्हणून समजा. या रोगाचं दुसरं नाव राणीखेत, उत्तराखंडातल्या त्या गावावरून पडलेलं. लस द्या, नव्या कोंबड्या काही दिवस वेगळ्या ठेवा. लहान पिल्लं मोठ्यांत सोडू नका, टोचून मारतात. आणि असील झुंजीसाठी जपलेली जात आहे, पहिल्याच कळपात तिचे दोन नर ठेवायचं धाडस करू नका.

माझ्या खुराड्यात आता दोन गावरान कोंबड्या आहेत. त्यातली एक सध्या खुडूक आहे. हात लावला की अंगावर येते. आजी खूश आहे.

तुमच्या घरी खुडूक कोंबडीला काय म्हणतात, अंडी कशात ठेवतात, टोपलीत की भाताच्या तुसात? आजीला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!