पाण्यापलीकडची राजधानी

मांडव्याच्या धक्क्यावर सकाळी उभं राहिलं, की समोर उन्हात चमकणारी मुंबई दिसते. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. ते तिला नुसतं ‘बंदर’ म्हणत.

मुळात ती सात बेटं. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने ती इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड भाड्याने. तिथल्या कोळ्या-भंडाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

पुढे माणसं स्वतःच बोलली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर जणांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली.

गेटवेला लाँचमधून उतरलो, की मी आधी पायी हुतात्मा चौकात जातो. तिथे ते १० पौंड हटकून आठवतात.