विक्रमाचा तिसरा आकडा

लांब पल्ल्याच्या चालण्याचा विक्रम अंतर आणि वेळ या दोन आकड्यांवर उभा असतो. चालणारा ज्येष्ठ असेल, तर त्यात तिसऱ्याची भर पडते: वय. पहिले दोन आकडे स्पर्धेच्या दिवशी पंचांसमोर मोजता येतात. तिसरा त्या दिवशी मोजता येत नाही. तो साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. म्हणून ज्येष्ठाच्या विक्रमाची पडताळणी जितकी क्रीडासंघटनेची, तितकीच दफ्तराचीही आहे. 2011 पासून महापौर मॅरेथॉन भरवणाऱ्या वसई-विरारमध्ये अशी जुनी दफ्तरं एकाहून अधिक प्रकारची आहेत. त्यांचा इतिहास नीट वाचला, तर ज्येष्ठांच्या विक्रमांना न्याय देण्याची वाट सापडते.

आधी मोजता येणाऱ्या आकड्यांविषयी. 1809 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला कॅप्टन बार्कले 1000 तासांत 1000 मैल चालला, दर तासाला एक मैल. मोठी पैज लागलेली असल्यामुळे त्याच्यावर रात्रंदिवस नजर होती. अमेरिकेचा एडवर्ड वेस्टन 1909 मध्ये आपल्या सत्तराव्या वाढदिवशी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पायी निघाला. त्याची वाटचाल वर्तमानपत्रं सतत छापत होती. पुढे या देखरेखीची जागा शास्त्राने घेतली. 1971 मध्ये सायकलच्या पुढच्या चाकाला लावायचं जोन्स यंत्र आलं. अचूक मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी आणि नंतर चालवून तिचं प्रमाण ठरवायचं, मग मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजायचा आणि अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त धरायचा, ही पद्धत रूढ झाली. मॅरेथॉनमध्ये हा जादा भाग सुमारे 42 मीटर होतो. मनगटावरचं जीपीएस घड्याळ असताना हे सगळं कशाला, असं कुणी विचारील. पण ते घड्याळ काही सेकंदांच्या अंतराने ठिपके टिपून जोडतं. उंच इमारतींत ते ठिपके भरकटतात, छोट्या फेऱ्यांच्या मार्गावर चूक फेरीगणिक साचते. बारा किंवा चोवीस तासांच्या स्पर्धेत मोजलेली फेरी आणि फेऱ्यांची नोंद हाच भरवशाचा पुरावा. शिवाय चालणारा मध्येच धावला नाही, हे कोणतंही घड्याळ सांगत नाही. तिथे पंचाचा डोळाच लागतो.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्येष्ठांच्या ॲथलेटिक्सची जागतिक संघटना 1977 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांत वयाच्या पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा एक गट असतो. त्यामुळे जन्मतारखेत काही महिन्यांचा फरक पडला तरी विक्रम एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकतो. 2011 मध्ये धावपटू फौजासिंग यांनी टोरोंटोची मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या पारपत्रावर 1 एप्रिल 1911 ही जन्मतारीख होती. जन्मदाखला नसल्यामुळे गिनेसने शतायुषी धावपटूचा विक्रम नोंदवला नाही. 1911 मध्ये जन्मनोंदी ठेवल्या जात नसत, असं भारतीय अधिकाऱ्यांचं पत्र पुढे आलं होतं. पंजाबातल्या त्यांच्या गावाबद्दल काहीही असो, मुंबई इलाख्याबद्दल असं सरसकट म्हणता येणार नाही. इथे गावोगाव कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जन्ममृत्यू लिहिले जात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधताना हीच पुस्तकं उघडली. वसईत याशिवाय चर्चच्या नोंदवह्या आहेत. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहाची वही ठेवणं धर्मगुरूंवर बंधनकारक केलं. वसईवरचा पोर्तुगीज अंमल 1739 मध्ये संपला, तरी पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या धर्मग्रामांत ती परंपरा रुजलेली राहिली.

मात्र कोणतीही वही आपोआप खरी ठरत नाही. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्माची तारीख नव्हे. कोतवाल बुकात अनेकदा बाळाचं नावच नसतं. अमक्याला मुलगा किंवा मुलगी झाली एवढंच असतं, आणि जुनी पानं मोडी लिपीत आहेत. शाळेचा दाखला सर्वांत हाताशी असतो, पण महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा जन्म कागदोपत्री 1 जूनचा आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी प्रवेशाचं वय बसवून 1 जून लिहीत. त्यात फसवणूक नव्हती, पण ती तारीख अंदाजाची आहे, हे विक्रम नोंदवणाऱ्याने ओळखलंच पाहिजे. आधार कार्ड हा प्रश्न सोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. इतकी कडक पडताळणी केली, तर ज्यांच्याकडे कागद नाहीत तेच बाद होतील: शाळेत न गेलेल्या बायका, पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडचे आदिवासी, घर बदलत राहिलेले मजूर. आक्षेप खरा आहे, पण त्यावर पडताळणी सोडून देणं हा उपाय नव्हे. न तपासलेला विक्रम मान्य केला, तर खऱ्या वयाने चाललेल्या दुसऱ्या ज्येष्ठावर अन्याय होतो, आणि तोही तितकाच गरीब असू शकतो. दोष तपासणीच्या कडकपणात नाही. मान्य किंवा अमान्य या दोनच खान्यांत आहे. खुद्द आधारच्या नोंदणी अर्जातच जन्मतारखेचे पडताळलेली, सांगितलेली आणि अंदाजे असे तीन प्रकार होते. विक्रमाच्या वहीतही अशी प्रतवारी हवी. जन्माच्या सुमारास लिहिलेली नोंद पहिल्या प्रतीची. शाळेचा दाखला दुसऱ्या. भावंडांची वयं, विवाहाची नोंद, मतदारयादी यांतून जुळवलेलं वय तिसऱ्या प्रतीचं. तिसऱ्या प्रतीच्या माणसाची कामगिरी वगळायची नाही; वयाला आधार काय, हे तिच्यापुढे स्पष्ट लिहायचं, आणि सिद्ध होणाऱ्या किमान वयाच्या गटात ती धरायची. पुढे चांगला पुरावा मिळाला, तर वरच्या गटात न्यायची.

वसई-विरारमध्ये हे काम आत्ताच हाती घ्यायला हवं. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महापालिका झाली. 1 ऑगस्ट 2014 रोजी वसई तालुका ठाण्यातून पालघर जिल्ह्यात आला. प्रत्येक फेरबदलात जुनी वही कोणत्या कार्यालयात आहे हे सांगणारी माणसं कमी होत जातात. मोडी वाचणारेही थोडेच उरले आहेत. स्पर्धा भरवणाऱ्यांनी ज्येष्ठांच्या गटात नाव नोंदवतानाच जन्माचा पुरावा मागावा, त्याची प्रत ठरवावी आणि तो शोधायला मदतही करावी. सत्तरीतल्या माणसाने रात्रभर चालून मिळवलेल्या अंतराचा मान राखायचा, तर त्याचं अंतर जितक्या काळजीने मोजतो, तितक्याच काळजीने त्याचं वयही शोधलं पाहिजे.