कमला कामत आणि दुर्गाबाई : 'मोहिनी भस्मासुर'मधल्या दोघी

नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाने मूकपटाच्या नटीवर निबंध वाचावा, याचं मंडळात थोडं हसू झालं. पण धागा आपल्या बडोद्यातूनच जातो. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, तिथे दादासाहेब फाळके शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला आणि तिथेच प्लेगात बायको व मूल गमावलं.

१९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर लगेच नाशिकला काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दोन बायका कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेराएक वर्षांची मुलगी कमला मोहिनी.

या दोघींना धाडस कुठून आलं? माझ्या मते, धाडसापेक्षा गरज मोठी होती. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मुलगी, मिळवणारं दुसरं कोणी नाही. त्या फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या आणि कमला चार वर्षांची असल्यापासून रंगभूमीवर वाढली. म्हणजे समाजाने ठेवायची ती नावं आधीच ठेवून झाली होती! सिनेमाने त्यात नवीन काय भर पडणार?

याच १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुरुषाने नेसलेला शालू लोक डोक्यावर घेत होते. दोन बायकांनी काम केलं म्हणून दार उघडलं असंही नाही. १९१७ च्या फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता!

'पहिली नटी' म्हणून पुष्कळदा कमलाबाई गोखल्यांचं नाव देतात. पण १९१३ साली गोखले नावाची ही नटी नव्हतीच, कमला कामत होती. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न नंतरचं. आणि निर्णय घेतला तो आईने, म्हणून माझं मत दुर्गाबाईंना. तरुणपणीच वैधव्य आल्यावर कमलाबाईंनीही आईसारखंच केलं. मुलं पदरात घेऊन रंगभूमीवर उभ्या राहिल्या, अगदी पुरुष भूमिकासुद्धा केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू, हे वाचकांना ठाऊक असेलच.

आता आमच्या धंद्यातलं थोडं. चित्रपट होता सुमारे सव्वातीन हजार फुटांचा. एका फुटात १६ चित्रं. सेकंदाला १६ चित्रं धरली तर एक फूट म्हणजे एक सेकंद, म्हणजे जवळजवळ ५४ मिनिटं. कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे थोडं इकडेतिकडे. त्यातलं आज काहीच उरलेलं नाही. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. नायट्रेशन नंदेसरीला नवीन नाही, त्याचं भय आम्हाला कळतं. ही फिल्म पेट तर घेतेच, पण नुसती डब्यात ठेवली तरी कुजते. कुजताना नायट्रोजनचे वायू सुटतात, आणि तेच उरलेली फिल्म आणखी वेगाने खातात. डबा घट्ट बंद करून जपून ठेवावी, तर तिथेच ती लवकर संपते.

रीना मोहन यांनी नव्वदीकडे झुकलेल्या कमलाबाईंवर माहितीपट केला. 'कमलाबाई' एवढंच नाव. मोहिनी पडद्यावर कशी दिसली ते आता कोणालाच बघता येणार नाही, म्हाताऱ्या कमलाबाई मात्र बघता येतात. बघावाच.