दुसरी प्रत

बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येणाऱ्या माणसाला इतिहास नको असतो. त्याला लग्नाची तारीख धरायची असते, पासपोर्टावरचं स्पेलिंग जुळवायचं असतं, नाहीतर सातबाऱ्यावरचा 'इनास' आणि घरातले पणजोबा 'इग्नेशियस' हे एकच, असं तलाठ्याला पटवायचं असतं. पण त्याच्यासाठी पानं उलटायला बसलं की इतिहास आपोआप हाताला लागतो. शाळेत वर्षानुवर्षं तोच विषय शिकवून निवृत्त झाले, तेव्हा आमचे फादर म्हणाले, "टीचर, घरी बसून काय करणार? आमचं कपाट एकदा लावून द्या." वसईतल्या या धर्मग्रामाचं जुनं दप्तर तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. हाताखाली म्हणते, ताब्यात म्हणत नाही. कपाटाची किल्ली फादरांकडे, आणि फादरांनी ते दप्तर नीट सांभाळलं की नाही हे बघायचा अधिकार बिशपांकडे.

किल्लीचं हे प्रकरण चर्चने फार मनावर घेतलेलं आहे. चर्चच्या कायद्याची १९८३ची संहिता आज लागू आहे. तिच्याआधी १९१७ची होती. संहिता सांगते, बिशपांच्या कचेरीतलं दप्तर कुलुपात असावं, किल्ली फक्त बिशप आणि चान्सलर यांच्याकडे असावी, परवानगीवाचून कुणी आत पाऊल टाकू नये. कागद बाहेर न्यायचा तर थोड्या वेळापुरता, तोही विचारून. चान्सलर हे पद ऐकायला भारदस्त वाटतं. कागद तयार होतात ना, पाठवले जातात ना आणि जपले जातात ना, हे पाहणं एवढंच त्याचं मूळ काम. मराठी राज्यात असता तर चिटणीस आणि दप्तरदार यांच्या मधली जागा त्याला मिळाली असती.

गंमत अशी की हाच कायदा कपाटाला कुलूप लावतो आणि हाच खिडकीही उघडतो. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला आपल्या दाखल्याची अधिकृत नक्कल मागायचा हक्क आहे. स्वतः येऊन किंवा कुणाला पाठवून. त्यामुळे काउंटरवर कुणी ओशाळून "टीचर, उपकार करा" म्हणालं की मी त्याला सांगते, बाबा, उपकार कसले, हा तुझा हक्क.

दप्तराचा एक भाग मात्र खिडकीत कधीच येत नाही. प्रत्येक धर्मप्रांतात गुप्त दप्तर असावं, निदान साध्या दप्तरात एक वेगळी तिजोरी असावी, असा नियम आहे. १९१७च्या संहितेत त्याला दोन वेगवेगळ्या किल्ल्या होत्या: एक बिशपांकडे, दुसरी त्यांच्या मुख्य सहायकाकडे, म्हणजे व्हिकर जनरलकडे. म्हणजे एकट्यादुकट्याला ते उघडता येऊ नये अशी सोय. १९८३च्या संहितेने किल्ली एकच ठेवली, ती फक्त बिशपांकडे. नैतिक गुन्ह्यांच्या खटल्यांचे कागद इथे असतात, आणि आरोपी वारला किंवा शिक्षेचा निकाल लागून दहा वर्षं उलटली की ते दरवर्षी नष्ट करायचे. हकिकतीचा थोडक्यात सारांश आणि अंतिम निकाल तेवढा ठेवायचा. जुन्या लॅटिन संहितेत तर 'जाळावेत' असंच स्पष्ट आहे. माणसाची अब्रू मेल्यावर तरी मोकळी व्हावी, हा त्यामागचा विचार मला कळतो. पण २०१९च्या फेब्रुवारीत म्युनिकचे कार्डिनल राइनहार्ट मार्क्स यांनी व्हॅटिकनमधल्या परिषदेत उघड सांगितलं की मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची नावं दाखवणाऱ्या फायली नष्ट केल्या गेल्या, किंवा मुळात केल्याच गेल्या नाहीत. एकच किल्ली आणि एकच प्रत असली की जाळायचं काय आणि ठेवायचं काय हे एकाच माणसाच्या मनावर राहतं. दोन किल्ल्यांचा जुना नियम मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आमच्या कपाटात असलं काही नाही. आमच्याकडे वह्या आहेत. त्यांचा जन्म झाला आल्प्सच्या पायथ्याशी, त्रेंत गावातल्या धर्मसभेत, १५६३ साली. चोरून केलेल्या लग्नांना आळा बसावा म्हणून सभेने ठरवलं की लग्न फादर आणि साक्षीदारांसमोर व्हावं, आणि वधूवर, साक्षीदार, दिवस, ठिकाण हे सगळं फादरांनी वहीत लिहावं. बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता-धर्ममाताही लिहायला लावले, तेसुद्धा लग्नासाठीच: धर्मपित्याचं आणि बाळाचं नातं लागतं असं तेव्हा मानत, पुढे त्यांच्यात सोयरीक होता कामा नये. मृत्यूची वही आणि घरोघरची खानेसुमारी यांचा नमुना १६१४च्या रोमन विधिग्रंथाने दिला. तेव्हा वसई पोर्तुगीजांची होती, आणि धर्माच्या कारभारात गोव्याच्या आर्चबिशपांची. रोममधला नियम जहाजाने लिस्बनला, तिथून गोव्याला, गोव्याहून गलबताने इथे.

आमची सर्वांत जुनी वही एकोणिसाव्या शतकातली आहे, पोर्तुगीजमध्ये. नंतर लॅटिन येतं, मग इंग्रजी. हस्ताक्षरावरून फादर बदलले ते कळतं, शाईवरून वर्ष बरं होतं की वाईट ते. मायफळ आणि हिराकसाची शाई लिहिल्यावर काळीभोर होते आणि शंभर वर्षांनी कागदालाच खाते. 'मनवेल'मधला म आरपार गेलेला असतो आणि बाजूला कोरा कागद धडधाकट. कसर आणि वाळवी त्याच्यावर. जुलैत कपाट उघडायचंच नाही, हा नियम माझा स्वतःचा. कुठल्या संहितेतला नाही.

वहीत मला सगळ्यात आवडतो तो समास. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढचं आयुष्य लिहिलेलं असतं: दृढीकरण झालं, अमुक गावात अमुकशी लग्न झालं, कुणी सिस्टर झाली, कुणी फादर झाला. एका लहानशा चौकटीत माणूस पुरता सापडतो. पण १९०८च्या आधीचे बहुतेक समास कोरे आहेत. 'ने तेमेरे' नावाचा पोपचा हुकूम १९०७मध्ये निघाला आणि १९०८च्या ईस्टरपासून लागू झाला; लग्न लावणाऱ्या फादरने वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं, तिथल्या वहीत नोंद करायची, हे त्यात आलं. वसईचा पोरगा मुंबईत माझगावला नोकरीला जाऊन तिथेच लग्न करून बसला, तर १९०८नंतर ते इथे कळतं. आधी कळत नाही. पणजोबांचं लग्न सापडत नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांना मी हे सांगते. त्यांना ते फारसं पटत नाही.

पुढचा घोळ मालकांचा. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपियन संन्यासी निघून गेले, कारभार देशी धर्मगुरूंवर आला, पण धर्माचे धनी गोव्याचे आर्चबिशपच राहिले. सरकार पेशव्यांचं, पुढे इंग्रजांचं, बिशप पोर्तुगीजांचे. मुंबईत तर एकाच बेटावर दोन धर्मसत्ता नांदल्या. १७२०मध्ये इंग्रज गव्हर्नरने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून रोमच्या प्रोपगंडाचे, म्हणजे धर्मप्रसाराच्या खात्याचे, कार्मेलाइट आणले. पुढे १७९४मध्ये चर्चेस वाटली गेली. माझगावचं ग्लोरिया चर्च गोव्याच्या पद्रोआदोकडे, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या धर्माश्रयाकडे, भुलेश्वरचं एस्पेरान्सा प्रोपगंडाकडे. १८३८मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी पद्रोआदोचे अधिकार छाटले तेव्हा भांडण पेटलं. १८५३मध्ये प्रोपगंडाचे बिशप हार्टमन माहिमच्या चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसले होते आणि बाहेर पद्रोआदोवाल्यांचा वेढा पडला होता, इतकं. एकाच गल्लीतल्या दोन भावांच्या मुलांचे बाप्तिस्मे दोन वेगळ्या बिशपांच्या वह्यांत असू शकतात, ते यामुळे. मुंबईच्या कुटुंबाला मी पहिला प्रश्न विचारते, "तुमचे पद्रोआदोचे की प्रोपगंडाचे?" पोरं माझ्याकडे बघत राहतात. एखादी आजी मात्र झटक्यात उत्तर देते.

वसई १८८६मध्ये दमणच्या नव्या धर्मप्रांतात गेली. १९२८मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्या करारानंतर दमणचा धर्मप्रांत मोडून गोव्याला जोडला आणि साष्टी-वसईची चर्चेस मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असंही ठरलं. जोआकिम लिमा हे पहिले पोर्तुगीज, त्यांच्यानंतर थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज. २२ मे १९९८ला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. चार मालक, आणि प्रत्येक मालकाकडे आमच्या धर्मग्रामाशी झालेला त्याचा त्याचा पत्रव्यवहार. चर्चची जागा, ट्रस्टी, घंटेचा खर्च, फादरांविरुद्धच्या तक्रारी: आमच्या कपाटात बहुतेक वेळा उत्तर सापडतं, प्रश्न सापडत नाही. प्रश्न वरच्या कचेरीत गेलेला.

मराठी बाजू कागद टिकण्याच्या बाबतीत सुदैवी ठरली. पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी ४५ खंडांत छापले, त्यांत वसईच्या मोहिमेलाही जागा मिळाली. छापल्यामुळे शेकडो प्रती झाल्या, आता पुण्यातले मूळ रुमालच्या रुमाल उद्या बिघडले तरी मजकूर जात नाही. चर्चच्या बाजूला असं झालं नाही. गोव्यात १५९५मध्ये सरकारी दप्तर सुरू झालं, दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. चर्चचं दप्तर त्याहून वेगळं, आणि इन्क्विझिशनचं त्याहूनही वेगळं. इन्क्विझिशन १५६०मध्ये आलं, मधली चार वर्षं सोडता १८१२पर्यंत टिकलं, आणि बंद झाल्यावर त्याचे बहुतेक कागद जाळून टाकले. तरी पहिल्या साठेक वर्षांतल्या आरोपींची माहिती आज आहे, कारण जुआंव देल्गादु फिगैरा या इन्क्विझिटरने १६२३मध्ये तोवरच्या खटल्यांची सूची करून ठेवली होती आणि ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मूळ भट्टीत गेलं, सूची परदेशात वाचली. थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'चंही तेच. १६१६मध्ये छापलं, पुन्हा दोनदा छापलं, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उरलेली नाही. हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांनी ते तारलं. देवनागरीतली एक पोथी तर लंडनच्या मार्सडेन संग्रहात निघाली. मराठी ओव्यांचं ते पुस्तक छापणाऱ्यांपेक्षा नकलून घेणाऱ्यांनी अधिक जपलं, असं माझं मत.

ईस्ट इंडिया कंपनी या कामात भलतीच पक्की. मुंबईतल्या अँग्लिकन चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला १७०९पासूनच्या लंडनला आहेत. सुरती दारूने मेलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाचं दफन आज ब्रिटिश लायब्ररीत सापडतं, आणि त्याच काळातल्या आमच्या वसईकडच्या निर्मळ गावात केळी लावणाऱ्या माणसाचं नाव सापडणं मुश्कील. कंपनीला धर्माची कळकळ होती म्हणून नव्हे; वारस, पगार, विधवेचं पेन्शन यांच्यासाठी कागद लागायचा.

आमच्या चर्चलाही हे शहाणपण सुचलं होतं. १९१७च्या संहितेत स्पष्ट कलम होतं: वर्षाअखेर प्रत्येक फादरने धर्मग्रामाच्या वह्यांची अधिकृत नक्कल बिशपांच्या कचेरीत पाठवायची, खानेसुमारीची वही वगळून. ज्या धर्मग्रामांनी हे इमानदारीने पाळलं त्यांच्या वह्या पुरात गेल्या तरी माणसं गेली नाहीत. १९८३ची संहिता लिहिताना हे कलम गळलं. नवीन कायदा बिशपांना सांगतो की धर्मग्रामांची दप्तरं नीट ठेवली जातात का ते बघा, भेटीला गेलात की वह्या तपासा, जुनी पुस्तकं काळजीने जपा, आणि दप्तराची सूची दोन प्रतींत करून एक आपल्याकडे ठेवा. सूची दोन प्रतींत! म्हणजे वही वाळवीने खाल्ली तर आमच्याकडे अशी एक वही होती हे बिशप्स हाउसमध्ये नक्की कळेल. व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने २ फेब्रुवारी १९९७ला दप्तरांविषयी एक लांब पत्र जगभरच्या बिशपांना पाठवलं. आपुलकीने लिहिलेलं पत्र आहे, वाचून बरं वाटतं. पण एक आज्ञा आणि एक तारीख असलेलं ते जुनं छोटं कलम मला त्या अख्ख्या पत्राहून जवळचं.

स्कॅन करा, असं तरुण मंडळी सुचवतात. करावंच. पण स्कॅनची फाइल आमच्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे त्याच छपराखाली, त्याच पावसात. शिवाय समासातली नोंद दर महिन्याला वाढते. फोटो काढला त्या दिवशीच वही थांबली असं होत नाही. म्हणून मी फादरांपुढे साधी योजना ठेवली. ज्या पानांची शाई कागद खाते आहे ती आधी हाताने उतरवायची, मूळ स्पेलिंगसकट, 'गोन्साल्वीश'चं 'घोन्साल्विस' न करता. मग दर डिसेंबरात वर्षभरातल्या सगळ्या नोंदींची, समासांसह, एक प्रत बिशप्स हाउसला.

"कायद्यात तर आता ते नाही," फादर म्हणाले.

"करू नका असंही नाही, फादर."

त्यांनी चष्मा पुसला. "आणि त्या नकलेवर सही कुणाची, टीचर? तुमची?"

"तुमची आणि चर्चचा शिक्का. माझी सही असली तर ती वही होईल, दाखला होणार नाही."

डिसेंबरची पहिली प्रत तयार आहे. चान्सलर फादरांकडून पोच मागून घ्यायची, तीही दोन प्रतींत.