हिमरू

सुती ताण्यावर रेशमी बाण्याने रंगीत नक्षी उठवून विणलेले वस्त्र. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे त्याचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र होय. ‘सारखे दिसणारे’ अशा अर्थाच्या फार्सी शब्दावरून हे नाव आले, असे मानले जाते. सोन्याचांदीच्या जरीचे किनखाब राजघराण्यांनाच परवडे. हिमरूत जर नसल्याने तशीच शोभा कमी खर्चात साधे.

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा तिच्याबरोबर विणकरही दक्षिणेत आले, अशी परंपरागत समजूत आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकीस पुढे औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगल सुभ्याचे ते ठाणे झाल्यावर तेथील विणकामास मोठा आश्रय लाभला. आसफजाही राजवटीत राजधानी १७६३ मध्ये हैदराबादेस गेली. तथापि उमराव-जहागीरदारांच्या शेरवान्यांसाठी हिमरूची मागणी टिकून राहिली. वेली, फुले, फळे व भौमितिक आकृत्या हे नक्षीचे नेहमीचे विषय होत.

हिमरूचे वैशिष्ट्य त्याच्या उलट बाजूस दिसते. नक्षीत ज्या ठिकाणी एखाद्या रंगाची गरज नसते, तेथे तो धागा तोडला जात नाही; तो कापडामागून मोकळा सोडून पुढच्या फुलापर्यंत नेला जातो. या मोकळ्या धाग्यांच्या थरामुळे वस्त्र मऊ व उबदार होते; परंतु ते फार लांब सुटले, तर वापरात अडकून ओढले जातात. दोन रंगांच्या लोकरीने सुयांवर केलेल्या विणकामातही नेमके हेच तत्त्व आढळते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर बेटाच्या स्वेटरांत एका ओळीत साधारणतः दोनच रंग वापरतात आणि नको असलेली लोकर मागून नेतात. ती घट्ट ओढली गेल्यास वीण आक्रसते. पुढे आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या ब्रिटिश युवराजाने १९२० नंतरच्या दशकात हे स्वेटर वापरल्याने त्यांची कीर्ती पसरली.

तत्त्व एकच असले, तरी शिकण्याची रीत भिन्न आहे. सुयांवर नक्षी प्रत्येक ओळीस बदलता येते व चूक झाल्यास वीण उसवता येते. म्हणून नवशिकी व्यक्ती टोपी, हातमोजे अशा लहान वस्तूंपासून घरच्या घरी आरंभ करू शकते. हिमरूच्या पारंपरिक खड्डा मागावर मात्र संपूर्ण नक्षी आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधावी लागे. एक कारागीर धोटा फेकी आणि त्याचा साथीदार क्रमाने दोरे ओढून ताणा उचली. अशा मागावर नक्षी बदलणे अतिशय कष्टाचे. बाण्याचा रंग बदलणे त्यामानाने सोपे. त्याच फुलास नवे रंगीत रेशीम लाभले, की वस्त्राचे रूप पालटे. त्यामुळे रंगांची पारख हा या कारागिराच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेल्या जॅकार्ड यंत्रणेत दोऱ्यांच्या जाळ्याची जागा छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी घेतली. कालांतराने हिमरूच्या मागांवरही ती आली.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले व पाठोपाठ जहागिरी संपुष्टात आल्या. शेरवानीचे गिऱ्हाईक कमी झाले. यंत्रमागावरील स्वस्त नकला बाजारात आल्या. कौशल्य दोन माणसांच्या सहकार्यावर व दीर्घ उमेदवारीवर अवलंबून असल्याने, माग बंद पडला की त्याबरोबर त्याचे शिक्षणही थांबे. सुयांवरील विणकामाप्रमाणे ते घरोघरी तगून राहणे शक्य नव्हते.

या वस्त्राचा सुती पाया मराठवाड्याच्या मुख्य पिकाशी नाते सांगतो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग घेऊन जालना जिल्हा निर्माण झाला. त्यातील जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीचा परिसरही कापूस पिकविणाराच आहे. हातमागावरील हिमरूचे विणकर आता थोडेच उरले आहेत. शेरवानीऐवजी शाली, स्टोल यांसारख्या लहान वस्तूंवर त्यांचा भर आहे. अशा वस्तूस रेशीम कमी लागते, ती लवकर पुरी होते आणि सामान्य ग्राहकास परवडते. जरीवाचून शोभा देणे हे हिमरूचे मूळ प्रयोजनच त्यातून पुन्हा साधले जाते. मात्र यंत्राच्या नकलेतून हातमागाची वीण ओळखणारा ग्राहक मिळाला, तरच नवा कारागीर या मागावर बसेल.