‘रनिंग बॅक’ची पारख : डेरिक हेन्रीच्या निमित्ताने

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदण्याचा खेळ. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू समोरच्याच्या हाती जातो, हा त्याचा मूळ नियम. चेंडू पुढे नेण्याचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकने तो दूर फेकून सहकाऱ्याने झेलायचा, किंवा क्वार्टरबॅकने तो मागे उभ्या असलेल्या धावपटूच्या हाती सोपवायचा आणि त्याने अंगावर येणाऱ्या धिप्पाड बचावपटूंमधून वाट काढत पळायचे. हा दुसरा गडी म्हणजे ‘रनिंग बॅक’. कबड्डीतील चढाईपटूप्रमाणे त्याला चहूबाजूंनी पकडायला माणसे टपलेली असतात. फरक इतकाच, की प्रत्येक वेळी तो जमिनीवर आदळला जातो.

या खेळाडूची कॉलेजमधील कामगिरी पाहून तो व्यावसायिक ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये (एनएफएल) टिकेल की नाही, हे ठरविणे अवघड असते. दरवर्षी वसंत ऋतूत होणाऱ्या ‘ड्राफ्ट’मध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. त्यापूर्वी कित्येक महिने संघांचे पारखी चित्रफिती चाळत, मोजमापे घेत आणि प्रशिक्षकांशी बोलत असतात. तरीही अंदाज चुकतात. कसे चुकतात, हे समजून घेण्यासाठी २०१६च्या ड्राफ्टमधील डेरिक हेन्री या खेळाडूचे उदाहरण बोलके आहे.

विक्रमांची रास, तरी शंका

फ्लॉरिडा राज्यातील युली या छोट्या गावचा हेन्री शाळेपासूनच विक्रमवीर होता. शालेय कारकिर्दीत त्याने १२ हजार यार्डांहून अधिक धाव घेऊन केन हॉल याचा १९५३पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे तो निक सेबन यांच्या मार्गदर्शनाखाली अलाबामा विद्यापीठाकडून खेळला. २०१५च्या हंगामात त्याने ३९५ वेळा चेंडू वाहून २,२१९ यार्ड आणि २८ टचडाउन अशी कामगिरी केली. दक्षिणेकडील बलाढ्य विद्यापीठांच्या ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’मध्ये हर्शेल वॉकर याने १९८१ साली केलेला एका हंगामातील १,८९१ यार्डांचा विक्रम त्याने मागे टाकला. कॉलेजमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली, आणि जानेवारी २०१६मध्ये अलाबामाने क्लेमसनला ४५-४० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले.

एवढे असूनही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत कोणीही त्याचे नाव पुकारले नाही. त्या वर्षी डॅलस काउबॉइजने ओहायो स्टेटचा इझिकील एलियट हा रनिंग बॅक चौथ्या क्रमांकावर घेतला. हेन्री मात्र दुसऱ्या फेरीत, ४५व्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सकडे गेला. टायटन्सनेही त्याच्याआधी तीन खेळाडू निवडले होते. पारख्यांच्या शंका नेमक्या काय होत्या आणि काळाच्या कसोटीवर त्या कशा उतरल्या, हे क्रमाने पाहण्याजोगे आहे.

उंची आणि वजन

हेन्रीची उंची सुमारे सहा फूट तीन इंच आणि वजन २४७ पौंड, म्हणजे ११२ किलो. रनिंग बॅक सहसा बुटका आणि घट्ट बांध्याचा असावा, असा संकेत आहे. शरीर जमिनीलगत असले की दिशा चटकन बदलता येते आणि बचावपटूला धरायला कमी जागा सापडते. उंच धावपटू ताठ पळतो आणि त्याच्या पायांवर, बरगड्यांवर सरळ आघात होतात, हा आक्षेप निराधार नव्हता.

मात्र याला छेद देणारे उदाहरण टायटन्सच्याच घरात होते. तितकाच उंच एडी जॉर्ज १९९५चा हाइझमन विजेता. १९९६मध्ये तो १४व्या क्रमांकावर निवडला गेला आणि संघ ह्यूस्टनहून टेनेसीत स्थलांतरित झाल्यावरही त्याच्या पाठीचा कणा बनून राहिला. कारकिर्दीत त्याने १०,४४१ यार्ड मिळविले. याउलट विस्कॉन्सिनचा रॉन डेन हा १९९९चा हाइझमन विजेता उंचीने बेताचा, पण वजनदार होता. न्यूयॉर्क जायंट्सने २००० साली त्याला ११व्या क्रमांकावर घेतले. कॉलेजमधील धावांचा डोंगर पाठीशी असूनही व्यावसायिक कारकिर्दीत एकाही हंगामात त्याला हजार यार्ड गाठता आले नाहीत. केवळ उंची किंवा केवळ वजन पाहून भाकीत करता येत नाही, हाच दोन्ही उदाहरणांचा अर्थ.

घड्याळ काय सांगते?

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस शहरात होणाऱ्या ‘कम्बाइन’ या चाचणी शिबिरात सर्वांचे लक्ष ४० यार्डांच्या शर्यतीकडे असते. २००८ साली क्रिस जॉन्सन याने हे अंतर ४.२४ सेकंदांत कापले आणि दुसऱ्याच हंगामात २,००६ यार्ड मिळवून दाखविले. पण २०१४ साली ४.२६ सेकंदांची नोंद करणारा ड्राय आर्चर व्यावसायिक लीगमध्ये जेमतेम दोन हंगाम टिकला. वेग लागतोच, पण तो कोणत्या शरीरात आहे हे महत्त्वाचे.

हेन्रीची वेळ होती ४.५४ सेकंद. वरवर पाहता ती सामान्य वाटते. आकडेवारीचे अभ्यासक बिल बार्नवेल यांनी मांडलेले ‘स्पीड स्कोअर’ हे सूत्र येथे उपयोगी पडते. पौंडांतील वजनाला २००ने गुणायचे आणि वेळेच्या चौथ्या घाताने भागायचे. सर्वसाधारण खेळाडूचा आकडा शंभराच्या आसपास येतो. हेन्रीचा येतो सुमारे ११६, तर २२५ पौंड वजनाच्या आणि ४.४७ सेकंदांत धावलेल्या एलियटचा सुमारे ११३. म्हणजे वजनासह वेग मोजला, तर हेन्री त्या वर्षीच्या पहिल्या पसंतीच्या खेळाडूपेक्षा कणभर सरसच होता. हा आकडा सर्वांपुढे होता, पण चर्चा झाली ती त्याच्या ताठ पळण्याची आणि सुरुवातीच्या संथ पावलांची. ते दोषही खरेच होते. त्याला वेग पकडायला जागा लागे. एकदा तो पकडला, की त्याला आडवा येणारा माणूस बाजूला फेकला जाई.

यश कोणाचे? धावपटूचे की फळीचे?

सर्वांत कठीण प्रश्न हा. रनिंग बॅकसमोर पाच आडदांड गड्यांची फळी वाट मोकळी करून देते. अलाबामाची फळी देशात अव्वल मानली जाई. हेन्रीच्या पुढे मध्यभागी खेळणारा रायन केली २०१६च्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत १८व्या क्रमांकावर गेला. अशा फळीमागे कोणीही धावेल, ही कुजबुज नेहमीची होती. त्याला ताजे कारणही होते. अलाबामाचाच ट्रेंट रिचर्डसन २०१२ साली तिसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलँड ब्राउन्सने घेतला होता. पहिल्या हंगामात ९५० यार्ड मिळाले खरे, पण सरासरी प्रत्येक धावेमागे अवघी ३.६ यार्ड. सप्टेंबर २०१३मध्ये ब्राउन्सने त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे धाडले, आणि २०१४नंतर तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. मोकळी वाट मिळाली की तो धावे. ती नसताना फट कोठे उघडणार हे ओळखण्याची नजर मात्र त्याच्याकडे नव्हती.

फळीचे वजन किती, याचा पुरावा अलीकडचाही आहे. २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या सेकॉन बार्कलीची २०२३मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून सरासरी ३.९ यार्ड होती. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सच्या भक्कम फळीमागे तोच खेळाडू ५.८च्या सरासरीने २,००५ यार्ड धावला.

म्हणूनच जाणते पारखी एकूण यार्डांकडे पाहत नाहीत. धक्का लागल्यानंतर खेळाडू किती पुढे जातो, फळी मोडल्यावर काय करतो, घाई न करता फट उघडण्याची वाट पाहतो का, हे ते चित्रफितीत शोधतात. मैदानाची आखणीही लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक डाव जेथून सुरू होतो त्या आतील दोन खुणांच्या रांगांमधले अंतर कॉलेजमध्ये ४० फूट, तर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट असते. त्यामुळे कॉलेजमध्ये मैदानाची एक बाजू बरीच मोकळी मिळते आणि बाहेरून वळसा घालून पळणाऱ्याचे फावते. व्यावसायिक मैदानावर ती सवलत नाही, आणि कोपऱ्यावरचे बचावपटूही कितीतरी वेगवान असतात.

चेंडू हातात नसताना

प्रेक्षकांच्या नजरेत न भरणारे एक काम प्रशिक्षकांना सर्वाधिक प्रिय असते. चेंडू फेकला जात असताना रनिंग बॅकने क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्याला अडवायचे असते. कोण कोठून येणार हे क्षणार्धात ताडावे लागते. संघाची सारी मदार ज्या क्वार्टरबॅकवर, त्याला दुखापत होऊ नये म्हणून हे काम न जमणाऱ्या नवोदिताला बाकावर बसविले जाते. त्याच्या जोडीला झेल घेण्याचे कसब लागते. हेन्रीने अलाबामाच्या तीन हंगामांत अवघे १७ झेल घेतले होते. फेकीच्या खेळाकडे झुकलेल्या एनएफएलमध्ये हा उणेपणा ठळक दिसला. ही शंका खरी ठरली. पुढेही तो झेल घेणारा म्हणून कधी गाजला नाही.

अंदाज आणि प्रत्यक्ष

टायटन्सकडे तेव्हा डीमार्को मरे हा अनुभवी रनिंग बॅक होता. हेन्रीला पहिल्या वर्षी ४९० आणि दुसऱ्या वर्षी ७४४ यार्डांवर समाधान मानावे लागले. २०१८च्या पहिल्या बारा सामन्यांत तो ४७४ यार्डांवर अडकला, तेव्हा पारख्यांचेच खरे, असे म्हणणारे कमी नव्हते. त्यानंतर ६ डिसेंबर २०१८ रोजी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध त्याने २३८ यार्ड आणि चार टचडाउन केले. त्यातील एक धाव ९९ यार्डांची होती. टोनी डॉर्सेट याने १९८३मध्ये केलेल्या आणि याहून लांब असूच न शकणाऱ्या विक्रमाशी तिने बरोबरी साधली. हंगामाच्या अखेरच्या चार सामन्यांत मिळून त्याने ५८५ यार्ड मिळविले.

या बदलामागे संघाचा निर्णय होता. हेन्रीला अधूनमधून मैदानात न आणता सातत्याने चेंडू देण्यात येऊ लागला. सामन्याच्या उत्तरार्धात थकलेल्या बचावपटूंना ११२ किलोंचा वेगवान गडी आवरेना. २०१९मध्ये १,५४० आणि २०२०मध्ये २,०२७ यार्ड अशी सलग दोन वर्षे तो लीगमध्ये अव्वल राहिला. एनएफएलच्या इतिहासात एका हंगामात दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो आठवा. पारख्यांनी दोष म्हणून नोंदविलेला देहच योग्य वापर झाल्यावर त्याचे मुख्य बळ ठरला.

झिजेचा हिशेब

कॉलेजातच अतिवापर झाल्याने तो लवकर संपेल, ही आणखी एक भीती होती. २०१५च्या अखेरीस ऑबर्न आणि फ्लॉरिडाविरुद्धच्या लागोपाठ दोन सामन्यांत, आठवडाभराच्या अंतराने, त्याने ९० वेळा चेंडू वाहिला होता. त्या काळी कॉलेज खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावाचे पैसे मिळविण्यास बंदी होती. ती उठली जुलै २०२१मध्ये. म्हणजे झीज आधी आणि मोबदला नंतर, असा हा व्यवहार होता.

या भीतीलाही अंशतः पुष्टी मिळाली. २०२०मध्ये ३७८ वेळा चेंडू वाहिल्यानंतर २०२१मध्ये पायाचे हाड मोडून तो आठच सामने खेळू शकला. पण तो परतला आणि २०२४मध्ये वयाच्या तिशीत बाल्टिमोर रेव्हन्सकडून त्याने १,९२१ यार्ड मिळविले. बहुतेक रनिंग बॅक अठ्ठाविशीच्या आसपास उतरणीला लागतात. त्यामुळे हेन्रीला नियम न मानता अपवाद मानणे शहाणपणाचे.

चुकीच्या अंदाजाची किंमत खेळाडू मोजतो ती येथे. २०११च्या कामगार करारानुसार ड्राफ्टमधील क्रमांकावरून पहिल्या चार वर्षांचे वेतन जवळपास ठरून जाते. रनिंग बॅकची उमेदीची वर्षे त्यातच सरतात. हेन्रीला चार वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा करार मिळाला तो जुलै २०२०मध्ये. ज्यांना हा दुसरा करार मिळतच नाही, त्यांची संख्या कितीतरी अधिक.

दुसरीकडे संघही सावध झाले आहेत. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. सहाव्या फेरीतील टेरेल डेव्हिसने १९९८मध्ये २,००८ यार्ड मिळविले, तर ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला एरियन फॉस्टर २०१०मध्ये लीगमध्ये अव्वल ठरला. असे असताना या जागेसाठी मोलाची निवड का खर्चावी, हा त्यांचा सवाल. तरी २०२४मध्ये बॉइसी स्टेटकडून २,६०१ यार्ड मिळविणारा ॲश्टन जेंटी २०२५मध्ये सहाव्या क्रमांकावर गेलाच.

हेन्रीबद्दलच्या पाच शंकांपैकी झेलांची खरी ठरली आणि झिजेची अर्धीमुर्धी. उंची, वेग आणि फळी यांबाबतच्या मात्र टिकल्या नाहीत. मोजमापे अचूक होती. ‘हा नेहमीच्या साच्यात बसतो का?’ असे विचारणाऱ्यांना नकारार्थी उत्तर मिळाले. ‘याला कसे खेळवावे?’ हा प्रश्न टायटन्सने विचारला, तोही हेन्रीचा तिसरा हंगाम सरत आल्यावर.