कॅसेटच्या आधीची रात्र

कल्याण स्टेशनातून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, एक कर्जतकडे. पहिला पुढे नाशिक-मनमाडला, दुसरा पुणे-सोलापूरला. आंबेडकरी गाण्याचा इतिहास लिहिणारे जलसे, शाहीर, चळवळ सगळं मांडतात, हा रेल्वेचा नकाशा मात्र विसरतात. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे कसाऱ्याच्या फाट्यावरचे. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे, म्हणजे कर्जतच्या फाट्यावरचे. दोन्हीकडची माणसं गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत कामाला आली आणि मुंबईत खोली परवडेना म्हणून कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथपर्यंत पसरली. प्रल्हाद शिंदे कल्याणचेच झाले. आमच्या कोळसेवाडीत दोन्ही फाट्यांच्या चाली एकाच गल्लीत ऐकू यायच्या.

मी लोकोशेडमध्ये नोकरी केली आणि रात्री गायन पार्टीत बेंजो वाजवला. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याला पिकअप लावून कर्ण्यातून सोडलं की अख्खी वस्ती जागी. पार्टीत पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरसवाले चार-पाच. एप्रिल लागला की सुपाऱ्या सुरू. जयंतीचा दिवस 14 एप्रिल, पण आमची जयंती मे संपेपर्यंत चालायची. आज काटेमानिवली, उद्या विठ्ठलवाडी, परवा ठाण्यात कुठल्या तरी कामगार वस्तीत.

खरी मजा सामन्याची. दोन स्टेज, दोन पार्ट्या, बहुतेक वेळा एक गायक आणि एक गायिका. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. हा साचा कव्वालीचा. प्रल्हाद शिंदे यांनी इस्माईल आझाद या कव्वालाकडे धडे घेतले होते, ते उगाच नाही. ‘अल हिलाल’ या 1958च्या सिनेमातल्या कव्वालीमुळे आझादांचं नाव देशभर झालेलं. टाळ्यांचा ठेका, मध्येच शेर, एकच ओळ दहा वेळा फिरवून अकराव्या वेळी वेगळ्या जागी सोडणं, हे सगळं तिथून आलं आणि भीमगीतात बसलं. आशय मात्र जलशाचा. भीमराव कर्डकांच्या पिढीने बाबासाहेबांच्या हयातीतच गावोगाव जलसे नेऊन सभेच्या आधी मैदान तापवून ठेवलं होतं. आम्ही त्या चुलीवरचे निखारे घेऊन आलो, एवढंच.

हे सगळं आज लिहायला बसलो तो डोंबिवलीच्या भाच्यामुळे. तो गिटार वाजवतो, बँडबिंड आहे त्याचा. एकदा म्हणाला, ‘मामा, हे ऐका, तुमच्यासारखेच आहेत.’ ब्राझीलचा बँड, नाव ‘लेजियाऊं उर्बाना’, पहिला अल्बम जानेवारी 1985चा. भाषा पोर्तुगीज, एक शब्द कळला नाही. गोष्ट मात्र त्याने सांगितली ती कानात राहिली.

1960 साली उद्घाटन झालेली ब्राझिलिया ही कागदावर आखून वसवलेली राजधानी. 1964पासून लष्कराची सत्ता. त्या शहरात 1978च्या सुमारास रेनातो रुसो नावाच्या पोराने दोस्तांबरोबर ‘आबोर्तो एलेत्रिको’ नावाचा पंक बँड काढला. पंक म्हणजे काय, हे भाच्याने मला एका वाक्यात सांगितलं: ज्याला नीट वाजवता येत नाही त्यानेही वाजवायचं, कारण बोलायचं आहे. 1982ला बँड फुटला. काही जण ‘कापिताल इनिसियाल’मध्ये गेले, रुसोने ‘लेजियाऊं उर्बाना’ उभा केला. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीच्या निर्मात्यांशी खटके उडाले, निर्माते बदलले, आवाज जरा सभ्य झाला. तरी जुन्या बँडच्या काळातलं, कोकाकोलावर वाढलेल्या पिढीबद्दलचं गाणं त्यात आलंच. अल्बम निघाला आणि दोन-अडीच महिन्यांत लष्करी राजवटही संपली. ‘हा कसला देश’ असं विचारणारं त्यांचं दुसरं गाणं 1978चं, पण रेकॉर्डवर यायला 1987 उजाडलं. नऊ वर्षं ते गाणं नुसतं माणसांच्या तोंडात होतं.

भाच्याचं ‘तुमच्यासारखेच’ मला अर्धंच पटलं. ती सरकारी अधिकाऱ्यांच्या, प्राध्यापकांच्या घरातली मुलं. आमच्याकडे ढोलकीवाला दिवसा गटार साफ करून यायचा. आणि वाजवता न येणारा आमच्या स्टेजवर टिकायचा नाही. सामन्यात ठेका चुकला की समोरची पार्टी त्याच चालीत तुमची इज्जत काढायची. पण दुसरा अर्धा भाग खरा आहे. पहिला अल्बम ही सुरुवात नसतेच, तो आधीच्या कित्येक वर्षांचा काटछाट केलेला हिशेब असतो.

आमची काटछाट कशी झाली ते सांगतो. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली. त्याआधी रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठ्या कंपनीचं दार, आणि ते दार आमच्यातल्या फार थोड्यांना उघडलं. कॅसेटने ते मोडलं. छोट्या कंपन्या निघाल्या, उल्हासनगर कॅम्पात कोऱ्या कॅसेट ढिगाने मिळू लागल्या, आणि त्या कॅम्पाचा लौकिक ठाऊक असलेल्यांना नकलांबद्दल वेगळं सांगायला नको. पण साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. त्यात पाच गाणी बसवायची. स्टेजवर आमचं एक गाणं वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. मग काय कापलं? शेर कापले. सवाल-जवाब कापले, कारण समोरची पार्टी स्टुडिओत नसते. वस्तीचं नाव गुंफून केलेलं कडवं गेलं. नगरसेवकाला मारलेला टोमणा गेला. कुणी दहा रुपये बक्षीस दिलं की गाणं न थांबवता त्याचं नाव चालीत घ्यायची जी कला होती, ती तर पार गेली. उरलं ते मुखडा, तीन कडवी आणि संगीताचा तुकडा.

मी कॅसेटला शिव्या देणार नाही. आनंद आणि मिलिंद शिंदे या प्रल्हाददादांच्या मुलांचं पोपटाचं गाणं कॅसेटवरूनच घरोघरी गेलं. ज्या घरांत भीमगीत वाजणं शक्य नव्हतं, तिथेही या घराण्याचा आवाज हळदीत वाजला. वडिलांनी विठ्ठलाची गाणी गायली म्हणून आमच्यातले काही नाकं मुरडायचे. मला ते कधी पटलं नाही. कलावंताला चूल असते. शिवाय ज्या गळ्याने पंढरीची वाट महाराष्ट्राला पाठ करून दिली, तो आमच्या स्टेजवर तयार झाला होता, हे त्या वाटेवरच्या लोकांनीही लक्षात ठेवावं.

सामने संपले ते कॅसेटमुळे नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले 2000 साली. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम योग्यच, घरोघरी आजारी माणसं असतात, परीक्षा असतात. पण आमचा कार्यक्रम रंगायचाच बारानंतर. दहा वाजता माइक बंद म्हटल्यावर सामना कसला करणार? मंडळांनी सोयीचा मार्ग धरला, मिरवणूक आणि डीजे. त्यातच 2004च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये इथे कल्याणला प्रल्हाद शिंदे. जुन्या पार्ट्यांतले बरेच जण नंतर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शिरले. मी नोकरी सांभाळली.

आता ब्राझीलवाल्यांचा हेवा वाटतो तो इथे. ‘आबोर्तो एलेत्रिको’ने स्वतःचा अल्बम कधी काढला नाही. पण 2005मध्ये ‘कापिताल इनिसियाल’ने त्या मोडलेल्या बँडची गाणी गोळा करून रेकॉर्ड केली. आपल्याकडे सामन्यांचं तसं कुणी केलेलं माझ्या कानावर नाही. आणि सामना नुसत्या चोपड्यावरून पुन्हा उभा राहत नाही, समोरचा जवाब तिथल्या तिथे सुचलेला असतो.

पण एक गोष्ट आहे. त्या काळी स्टेजच्या कडेला, कर्ण्याखाली, कुणाचा ना कुणाचा टेपरेकॉर्डर असायचाच. नव्वद मिनिटांची कॅसेट, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटताना मधलं एक कडवं हुकायचं, त्यात लहान पोराचं रडणं, कार्यकर्त्याची सूचना, जनरेटरची घरघर. त्या कॅसेट बाजारात आल्या नाहीत. त्या लोकांच्या पोटमाळ्यावर आहेत, लग्नाच्या अल्बमखाली, पत्र्याच्या पेटीत. आमचं खरं गाणं त्यांत आहे, कंपनीच्या छापील कॅसेटमध्ये नाही.

म्हणून कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, ठाण्यातल्या घरांना एक विनंती. अशी कॅसेट सापडली तर भंगारवाल्याला देऊ नका आणि लगेच मशीनमध्येही घालू नका. वर्षानुवर्षं पडलेली फीत चिकटते, बुरशी धरते आणि जोरात ओढली की तुटते. आधी खिडकीतून पांढरे डाग दिसतात का बघा. नसतील तर दातेरी चाकात पेन्सिल घालून हळूहळू एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडलेले नसतील तर मोडून टाका, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही. मग शोधून चांगला प्लेअर आणा, कॉम्प्युटरला जोडा आणि दोन्ही बाजू न कापता उतरवून घ्या, पोराच्या रडण्यासकट. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून गायकाचं, ढोलकीवाल्याचं, वस्तीचं नाव विचारून लिहून ठेवा. हे काम यंदाच करा, कारण नावं सांगू शकणारे आमच्यासारखे आता थोडेच उरलेत.